ब्रेक धरतोय, पण दाब अडकतोय कुठे?

जुन्या पिकअपचा ब्रेक धरायला लागतो, म्हणजे पेडल सोडल्यावरही चाक आवळून ठेवतो, तेव्हा तो क्वचितच एकदम धरतो. सकाळी गाडी थंड असताना एकट्याने ढकलली तरी हलते. आठ-दहा किलोमीटर झाले की न्यूट्रलला टाकलेली गाडी नेहमीसारखी पळत नाही, हलक्या उतारावरही अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो, ब्रेक पेडल वर येऊन टणक लागते आणि खाली उतरल्यावर एखाद्या चाकापाशी जळका वास येतो. अर्धा तास उभी केली की पुन्हा सगळे मोकळे. निदान चुकते ते इथेच. गाडी जॅकवर चढेपर्यंत चाक थंड झालेले असते, हाताने फिरवले की गरागरा फिरते, आणि मग अंदाजाने पार्ट बदलायला सुरुवात होते. आधी पॅड, मग ते डिस्कवर दाबणारा कॅलिपर, शेवटी पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा मास्टर सिलिंडर; दोष मात्र जागच्या जागी.

पुढचे काम ज्या गाडीवर केले ती चॅसिसवर बांधलेली, मागची चाके ओढणारी, विशीतली पिकअप. पुढे डिस्क, मागे ड्रम, पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर, पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळा दाब देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर, आणि मागच्या अ‍ॅक्सलवर वजनाप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह. एबीएस नाही. मास्टर सिलिंडर आधी कधीतरी बदललेला होता, हे त्याच्या नव्या रंगावरून दिसत होते. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी निघाली.

डिस्क ब्रेकला पॅड मागे ओढणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचे चौकोनी काटछेदाचे रबरी सील दाबाखाली किंचित पिळले जाते आणि दाब गेला की मूळ आकारात येताना पिस्टनला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे मागे घेते. मोकळीक म्हणतात ती एवढीच. म्हणजे लाइनमध्ये थोडासाही दाब उरला, पिस्टनवर गंजाचा कण असला किंवा कॅलिपर जिच्यावर सरकतो ती पिन अडली, की पॅड डिस्कला घासत राहतो. घासला की गरम होतो, गरम झाला की आतले ब्रेक ऑइल फुगते, फुगलेल्या ऑइलला मास्टर सिलिंडरच्या टाकीत परत जायला वाट नसेल तर दाब आणखी वाढतो, पॅड आणखी आवळतो. चालता चालता पेडल वर येते ते यामुळे. मागच्या ड्रममध्ये आतून दाबले जाणारे शू परत ओढणाऱ्या स्प्रिंगा जोरदार असतात, त्यामुळे तोच उरलेला दाब तिथे पचून जातो. म्हणून मास्टर सिलिंडरकडचा दोषसुद्धा आधी पुढच्या चाकांवरच दिसतो.

पहिले काम तापमान मोजायचे. शक्यतो ब्रेक न वापरता आठ-दहा किलोमीटर चालवायची, शेवटी गाडी आपोआप मंदावू द्यायची आणि लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने चारी चाके बघायची. यात एक खाच आहे. डिस्कचा घासून चकचकीत झालेला भाग हे थर्मामीटर खूप कमी दाखवते, कारण चकाकणारा धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. नेम धरायचा तो डिस्कच्या मधल्या गंजलेल्या, काळपट टोपीवर, आणि मागे ड्रमच्या बाहेरच्या गंजलेल्या पृष्ठभागावर. चारी ठिकाणी सारख्याच अंतरावरून. थर्मामीटर नसेल तर चाकाच्या रिमजवळ हाताचा मागचा भाग न्यावा, टेकवू नये.

आकडे असे आले: पुढचे डावे १९०, पुढचे उजवे १२०, मागचे डावे ५०, मागचे उजवे ९५ अंश सेल्सियस. ब्रेक जवळजवळ वापरलेला नसताना पुढची चाके यापेक्षा बरीच थंड असायला हवीत, आणि एकाच अ‍ॅक्सलच्या दोन बाजूंत पंधरा-वीस अंशांहून जास्त फरक नसावा. या चार आकड्यांतच बरेचसे निदान आहे. दोन्ही पुढची गरम, म्हणजे दोघांना सामाईक असलेल्या जागी काहीतरी आहे: पेडल, बूस्टर, बूस्टरचा जोर मास्टर सिलिंडरला पोचवणारा पुशरॉड किंवा मास्टर सिलिंडर. डावे उजव्यापेक्षा खूपच गरम, म्हणजे त्या कोपऱ्यात वेगळा दोष. मागे एकच गरम, म्हणजे तिसरी भानगड, बहुधा हँडब्रेकची. जुन्या गाडीत एकच कारण सापडले की काम थांबवायचा मोह होतो. आकडे लिहून ठेवले असतील तर तो मोह आवरतो, कारण एका कारणाने चारही आकडे जुळत नाहीत हे कागदावरच दिसते.

आता दाब अडकलाय कुठे ते शोधायचे, आणि तेही गाडी गरम असतानाच. सपाट जागी मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचे, पुढचा भाग चॅसिसखाली स्टँड देऊन उचलायचा. नुसत्या जॅकवर काम नाही. हँडब्रेक ओढायचा नाही, कारण तोही संशयित आहे.

बहुतेक जण इथे थेट कॅलिपरचे ब्लीडिंग निपल, म्हणजे हवा आणि ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, उघडतात. चाक मोकळे झाले तर दाबाचा दोष, नाही झाले तर यांत्रिक अडकण. परीक्षा बरोबर आहे, पण क्रम चुकीचा. निपल उघडले की सगळ्या लाइनमधला दाब एका क्षणात जातो आणि तो कुणी धरून ठेवला होता याचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो. मग गाडी पुन्हा तापवून आणावी लागते. म्हणून सुरुवात पेडलकडून करायची आणि निपल सर्वात शेवटी.

इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबला की बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो. त्यानंतर चाक मोकळे झाले तर बूस्टरमधला हवेचा व्हॉल्व्ह अडकतोय आणि बूस्टर स्वतःच ब्रेक दाबून धरतोय. इथे फरक पडला नाही. मग पेडल हाताने वर ओढून पाहायचे. वर ओढल्याने चाक सुटले तर पेडलची परतीची स्प्रिंग, पेडलच्या पिनेतला गंज, किंवा पेडलला पूर्ण वर येऊ न देणारा ब्रेक लाइटचा स्विच. हा स्विच बऱ्याच जुन्या गाड्यांत पेडलचा थांबाही असतो. दोन आटे जास्त आत गेला तरी ब्रेक कायमचा किंचित दाबलेला राहतो. इथे तेही नव्हते.

तिसरी परीक्षा सगळ्यात जास्त सांगणारी. मास्टर सिलिंडर बूस्टरला ज्या दोन नटांवर बसतो ते सैल करायचे, काढायचे नाहीत, आणि सिलिंडर दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकवायचा. पोलादी पाइप तेवढे लवचीक असतात. सिलिंडर जोर लावल्यासारखा स्वतःहून पुढे आला आणि पुढचे उजवे चाक लगेच हाताने फिरू लागले. याचा अर्थ बूस्टरचा पुशरॉड मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला सतत ढकलत होता.

पुशरॉडला इतके महत्त्व का, ते सिलिंडरच्या आत पाहिले की कळते. टाकीतून सिलिंडरच्या नळीत उतरणारे एक अगदी बारीक भोक असते, एक मिलिमीटरपेक्षाही लहान. पेडल पूर्ण सुटलेले असताना पिस्टनचा रबरी कप या भोकाच्या मागे हवा, म्हणजे लाइनमधले फुगलेले ऑइल टाकीत परत जाऊ शकते. पुशरॉड अर्धा-एक मिलिमीटर लांब असला तरी कप भोकावर येऊन बसतो आणि वाट बंद. थंड गाडीत काहीच कळत नाही; ऑइल तापून फुगले की कळते. हीच लक्षणे भोकात घाण अडकली किंवा कप फुगला तरी दिसतात, पण तेव्हा सिलिंडर पुढे सरकवून दाब सुटत नाही; सिलिंडरपाशी पाइपचा नट सैल केल्यावरच सुटतो. म्हणजे पुशरॉड दोषी की सिलिंडर, हे दोन नटांवर ठरते. ही परीक्षा न करता सिलिंडर बदलला, तर नव्या सिलिंडरमागे तोच लांब पुशरॉड उभा असतो.

डावे चाक मात्र थोडेच हलके झाले. म्हणून त्याच्या रबरी होजच्या वरच्या टोकाला, जिथे पोलादी पाइप चॅसिसच्या ब्रॅकेटवर होजला जोडतो, तिथला नट अर्धा फेरा सैल केला. दोन थेंब आले, जोर नाही, चाक तसेच. मग शेवटी कॅलिपरचे निपल उघडले आणि बारीक धार जोरात बाहेर पडली. होजच्या वर दाब नाही, खाली आहे: होज आतून बंद झाला होता. पाय दाबतो तेव्हा शेकडो पीएसआयचा दाब ऑइलला अरुंद फटीतून ढकलून नेतो. परत येताना मागे ढकलणारे काहीच नसते, म्हणून ते अडकून राहते. होज तोंडाने फुंकून तो चांगला आहे असे ठरवू नये. फुंकरीने मोकळा वाटणारा होजही परतीला अडतो.

पाइपचे नट उघडताना साध्या तोंडाचा पाना वापरला तर जुन्या मऊ नटांचे कोपरे गोल होतात. नटाला जवळजवळ चहूबाजूंनी धरणारा फ्लेअर नट पाना घ्यायचा, बहुतेक १० मिलिमीटरचा, आणि आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवायचे. परीक्षेसाठी होज पकडीने चिमटायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नये. आतला पातळ थर त्यानेच तुटतो.

काढलेला होज बाहेरून निर्दोष होता, एकही तडा नाही. पण मध्यभागी जिथे तो सस्पेन्शनला पत्र्याच्या पट्टीने बांधलेला असतो, तिथे पट्टी आणि रबर यांच्यामध्ये गंजाचे पापुद्रे एकावर एक साचले होते. लोखंड गंजले की मूळच्यापेक्षा जास्त जागा घेते. बाहेरची पट्टी घट्ट, त्यामुळे सगळी वाढ आत, रबरावर. होज उभा चिरून पाहिला. दोन्ही टोकांना आतले भोक गोल होते, पट्टीखाली ते चपटे होऊन नखाच्या कडेएवढी फट उरली होती. जुन्या पिकअपमध्ये ही पट्टी नेहमी तपासावी. होज दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे, कारण दुसराही त्याच वयाचा असतो, आणि एक नवा एक जुना ठेवला तर ब्रेक मारताना गाडी ओढू शकते. होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टला दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर; जुने एकदा दाबले गेले की पुन्हा नीट बसत नाहीत. होज बसवून झाल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन, चाक लोंबकळते ठेवून आणि वर उचलून, तो कुठे ताणत, पिळत किंवा टायरला लागत नाही हे पाहायचे.

निपल उघडल्यावर डाव्या चाकातला दाब शून्य झाला, तरी ते पूर्ण मोकळे फिरत नव्हते. आता उरले यांत्रिक अडकणे, आणि त्याचा माग पॅडच्या झिजेत असतो. आतला पॅड ४ मिलिमीटर उरला होता, बाहेरचा ७. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला, आत, असतो; पिना मोकळ्या असतील तर कॅलिपर सरकून दोन्ही पॅड सारखे झिजतात. आतला जास्त झिजला तर पिना अडल्यात किंवा पिस्टन मागे जात नाही. बाहेरचा जास्त झिजला तर दाब गेल्यावर कॅलिपर मागे सरकत नाही. एकच पॅड तिरका झिजला असेल तर दोनपैकी एक पिन धरलेली असते.

खालची पिन हाताने हलतच नव्हती. तिच्या टोकाला रबरी बुश असतो, आणि कुणीतरी तिथे चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस भरले होते. खनिज तेलापासून बनलेले ग्रीस या रबराला फुगवते. बुश भोकात पाचरीसारखा बसतो. पिना आणि बुश नवे घेतले, भोके कपड्याने कोरडी होईपर्यंत पुसली आणि सिलिकॉनचे ब्रेकसाठीचे ग्रीस पातळ थरात लावले. भोक ग्रीसने भरू नये. हवा अडकून पिन बाहेर ढकलली जाते आणि पुन्हा तोच त्रास. बुशवाली पिन वरच्या की खालच्या भोकात, हे काढतानाच खूण करून ठेवावे.

पॅडचे कान ज्या स्टीलच्या क्लिपांत बसतात त्या क्लिपाही काढून पाहिल्या. दिसायला चकचकीत, पण त्यांच्याखाली ब्रॅकेटवर गंजाचा थर चढून क्लिपा आत दाबल्या गेल्या होत्या. नवीन क्लिपा तशाच गंजावर बसवल्या तर पॅड पहिल्या दिवसापासून घट्ट. ब्रॅकेट कानशीने उघडा धातू लागेपर्यंत साफ करायचा, नुसता वायर ब्रश पुरत नाही. पॅड बोटाने ढकलून क्लिपेत सरकला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागला तर काम अजून संपलेले नाही.

पिस्टनबद्दल बरेच जण एक गोष्ट विसरतात. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येत राहतो आणि त्याचा बाहेरचा भाग धूळरोधक बूट फाटला असेल तर गंजतो. तोवर सील आतल्या चांगल्या भागावर बसलेले असते, म्हणून गळतीही नसते. नवे जाड पॅड घातले की पिस्टन आत ढकलावा लागतो, गंजाचे खड्डे नेमके सीलखाली जातात, आणि "पॅड बदलल्यापासून ब्रेक धरतोय" अशी तक्रार सुरू होते. या कॅलिपरचा बूट एका बाजूने फाटलेला होता आणि पिस्टनच्या कडेला खड्ड्यांचे कडे होते, म्हणून नवा पिस्टन आणि सीलचे किट बसवले. पिस्टन बाहेर काढायला समोर लाकडाची फळी ठेवून, होजच्या भोकातून कमी दाबाची हवा द्यायची. बोटे मध्ये अजिबात नाहीत. पिस्टन सुटतो तेव्हा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. सीलची खाच लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या टोकाने साफ करायची, तिथे साचलेला कडक थरही सील पिळू देत नाही. धुण्यासाठी ब्रेक क्लीनर किंवा नवे ब्रेक ऑइल. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल या रबराच्या जवळपासही नको. सील आणि पिस्टन ताज्या ब्रेक ऑइलने ओले करून हाताने सरळ दाबले की पिस्टन आत जातो. तिरका अडला तर बाहेर काढून पुन्हा.

पिस्टन आत ढकलायचा प्रसंग कुठल्याही चाकावर आला तर आधी निपल उघडून त्याला नळी लावायची. नाहीतर कॅलिपरच्या तळाला साचलेले काळे ऑइल उलटे मास्टर सिलिंडरकडे जाते, टाकीखालच्या त्या बारीक भोकाकडे.

कॅलिपर बाजूला असताना डिस्क आणि हब फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकला. होजवर लोंबकळत न सोडता कॅलिपर तारेने बांधून ठेवायचा, हे सांगायला नको. जास्त आवळलेले टेपर बेअरिंगही चाक गरम करते आणि ब्रेकवर आळ येतो. डिस्कवर निळसर डाग होते, पण जाडी कडेवर कोरलेल्या किमान आकड्यापेक्षा वर होती आणि डगमग मर्यादेत, म्हणून ती ठेवली. पॅड काचेसारखे चकाकत होते. दोन्ही बाजूंचे नवे घातले.

मग पुशरॉड. मास्टर सिलिंडर काढला, पाइप वाकवावे लागले नाहीत. सिलिंडरच्या बसायच्या पृष्ठभागापासून पिस्टनच्या खोबणीच्या तळापर्यंतची खोली व्हर्निअरच्या खोली मोजणाऱ्या पट्टीने मोजली, आणि बूस्टरच्या पृष्ठभागापासून रॉड किती बाहेर येतो तेही. मध्ये गॅस्केट असेल तर त्याची जाडी धरायची. दोन्हींत शून्य ते अर्धा मिलिमीटर मोकळीक बहुतेक गाड्यांना चालते. इथे रॉड जवळपास एक मिलिमीटर जास्त लांब निघाला. बदललेल्या सिलिंडरची खोबण मूळ सिलिंडरपेक्षा उथळ होती आणि बसवताना मोजमाप झालेले नव्हते. काही उत्पादक हे माप इंजिन चालू ठेवून, बूस्टरमध्ये व्हॅक्यूम असताना घ्यायला सांगतात, कारण व्हॅक्यूमने बूस्टरचा पत्रा किंचित आत वाकतो. त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जी पद्धत असेल तीच धरावी. व्हर्निअर नसेल तर रॉडच्या टोकावर मऊ प्लॅस्टिसिनचा गोळा लावून सिलिंडर बसवायचा, काढायचा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी पाहायची. पार चपटा होऊन धातू दिसला तर मोकळीक नाही.

रॉडचे दातेरी अंग धरून टोकाचा बोल्ट आत फिरवला. भीतीपोटी रॉड फार आखूडही करू नये, पेडल खाली जाते आणि ब्रेक उशिरा लागतो. नीट जमले का याची खात्री टाकीतच होते: झाकण उघडे ठेवून मदतनिसाने पेडल अगदी हळू दाबायला सुरुवात केली की दाबाच्या पहिल्याच क्षणी ऑइलमध्ये छोटी उसळी दिसते. कप भोक ओलांडण्याआधी थोडे ऑइल वर फेकले जाते, तीच ही उसळी. ती दिसली म्हणजे विसाव्याच्या स्थितीत भोक उघडे आहे. चेहरा टाकीवर नेऊ नये, चष्मा घालावा. दुहेरी सिलिंडरमध्ये मागच्या पिस्टनची उसळी स्पष्ट दिसते, पुढच्याची पुष्कळदा मंद. पुशरॉडनंतर पेडलचा मोकळा खेळ पाहायचा, व्हॅक्यूम संपवून, बोटाने. काही मिलिमीटर तरी हवाच.

टाकी उघडी असताना झाकणाखालचे रबर बघून घ्यायचे. ते सुजलेले, लांबलेले, झाकणात बसत नसलेले दिसले तर गोष्ट वेगळीच आहे: कुणीतरी इंजिन किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल टाकलेले असते. थोडे ऑइल पाण्यात टाकून पाहावे. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते, खनिज तेल वर तरंगते. तरंगले तर एकेक पार्ट बदलून उपयोग नाही. मास्टर सिलिंडर, कॅलिपर, ड्रममधले शू ढकलणारे व्हील सिलिंडर, होज, मागचा व्हॉल्व्ह, म्हणजे जिथे जिथे रबर आहे ते सगळे, आणि पाइप धुऊन काढायचे. इथे सुदैवाने रबर चांगले होते.

मागच्या उजव्या चाकाचे निपल उघडून काहीच फरक पडला नाही, म्हणून दाबाचा प्रश्न नव्हता. हँडब्रेकच्या केबल जिथे एकत्र येतात तिथला नट सैल केला, तरीही चाक तसेच. इथे अनेक जण हँडब्रेक निर्दोष ठरवतात. पण केबल स्वतःच्या नळीतच गंजून धरली असेल तर पुढून सैल करून काही होत नाही. आतला लिव्हर ओढलेलाच राहतो. ड्रम काढायला मागच्या प्लेटच्या (बॅकप्लेट) खाचेतून शूचे अंतर जुळवणारा अ‍ॅडजस्टर उलटा फिरवून शू आत घेतले, आणि ड्रमवरच्या दोन आट्याच्या भोकांत ८ मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने आवळले. ड्रम स्वतःहून बाहेर आला. धूळ हवेने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून मास्क, आणि ब्रेक क्लीनरने ओले करून पुसणे.

लिव्हर खरोखरच अर्धवट ओढलेला होता. पक्कडीने केबल मागे ढकलली तर गेली, सोडली तरी तिथेच राहिली. बॅकप्लेटपाशी नळीचे प्लॅस्टिक फाटून पाणी शिरले होते. अशा केबलला तेल घालून चार दिवस निभावते. बदलणे हाच उपाय, आणि जोडी. लिव्हरची पिन शूमधून काढून साफ केली. बॅकप्लेटवर शू टेकतात त्या उंचवट्यांवर शूच्या कडेने खाच पाडलेली असेल तर शू तिथे अडकून बसतो. खाच कानशीने सपाट करून ब्रेकच्या उच्च तापमानाच्या ग्रीसचा अगदी ठिपका लावायचा. व्हील सिलिंडरचे बूट उलटून पाहिले, आत कोरडे होते. एका वेळी एकच बाजू उघडावी म्हणजे स्प्रिंगा कशा बसतात ते दुसऱ्या बाजूला पाहता येते. डावा-उजवा अ‍ॅडजस्टर अदलाबदल करू नये, आटे उलटे असतात आणि मग तो शू सैल करत जातो. शू आधी जुळवायचे, ड्रम किंचित घासेपर्यंत आणि मग तिथून काही दाते मागे. केबल त्यानंतर. आधी केबल ताणली की लिव्हर थांब्यावरून उचलला जातो, अ‍ॅडजस्टरचे कामच बंद पडते.

जोड उघडल्याने लाइनमध्ये शिरलेली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबचे चाक आधी. मागच्या अ‍ॅक्सलवर वजनाचा व्हॉल्व्ह असल्यामुळे मागची चाके लोंबकळत ठेवू नयेत, व्हॉल्व्ह वाट अडवतो, स्टँड अ‍ॅक्सलखाली. जुन्या सिलिंडरचे पेडल तळापर्यंत दाबायचे नाही, पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा, कारण नळीचा न वापरलेला तळ खडबडीत असतो आणि कप तिथे फाटतात. ऑइल डॉट ४ प्रतीचे घातले. त्याचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश आणि पाणी शोषल्यावर १५५. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. पुढचे डावे चाक १९० अंशांवर जात होते, त्यामुळे जुने ऑइल उकळून पेडल पोकळ होण्याचा धोका खराच होता. सिलिकॉनचे डॉट ५ यात मिसळत नाही. नितळ ऑइल येईपर्यंत सगळी लाइन धुतली. निपल आठ-दहा न्यूटन-मीटरच्या वर आवळू नये, तुटतात.

नवे पॅड बसवायला ताशी ५० वरून १० पर्यंत आठ-दहा मध्यम ब्रेक, मध्ये थंड व्हायला वेळ देऊन, आणि गरम असताना पूर्ण थांबून ब्रेक दाबून न धरता. त्यानंतर पुन्हा मोजले तर पुढची दोन्ही ८० च्या आसपास, पाच अंशांच्या फरकात. मागची ५० आणि ५५. ही थोडी ऊब नव्या पॅडची. ते स्थिरावेपर्यंत घासतातच. शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासायचे, होजचे जोड कोरडे आहेत का ते कागद लावून पाहायचे, आणि हँडब्रेकचे क्लिक मोजायचे: नवी केबल ताणून दोन-तीन क्लिक वाढतातच, तेव्हाच एकदा नट आवळला की पुढे बराच काळ बघावे लागत नाही.